भोकांच्या छपरावरचा बर्फ

सुगेहिरा, १२ नोव्हेंबर

मिचिरु,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याच्या दोन गोड ओळी लिहायच्या असतात, हे मला ठाऊक आहे. त्या तू तुझ्या उत्तरात लिही. मी रागावलोय, आणि रागात मला पानगळ-बिनगळ सुचत नाही. फोनच करणार होतो. पण फोनवर तू ‘हो काका, हो काका’ करतेस आणि तेवढ्यात तुझी मीटिंग लागते.

आपल्या सकाळच्या बाजाराच्या नव्या छपराचं परवा उद्घाटन झालं. छप्पर देखणं आहे, खोटं कशाला बोलू? लाकडी पट्ट्या, मधे फटी, खाली उन्हाच्या रेघा. पेपरात तुझा फोटो आला आणि खाली नाव, ‘रचनाकार मिचिरु कुवाबारा’. तो कापून देव्हाऱ्यात तुझ्या बापाच्या फोटोशेजारी लावलाय. त्याला म्हटलं, बघ बाबा, तू गेलास तेव्हा सहा वर्षांची होती, आणि मला साधा भातसुद्धा धड करता येत नव्हता, तरी पोरगी कुठे पोचली.

सगळे गेल्यावर खांबावरची पाटी वाचली. ‘हे छप्पर एक मीटर बर्फाच्या हिशोबाने बांधले आहे. बर्फ एक मीटर होताच उतरवावा. जबाबदारी : वॉर्ड मंडळ.’

आता मंडळ म्हणजे कोण? बर्फ उतरवणारी टोळी. टोळीचा म्होरक्या कोण? तुझा काका. ठीक आहे, छपरावर चढणं आमच्या पाचवीलाच पुजलंय. पण पोरी, पाय कुठे ठेवायचा? आठ सेंटीमीटरची पट्टी, मग बारा सेंटीमीटर हवा, मग पुन्हा पट्टी. वर मीटरभर बर्फ असताना पट्टी कुठे आणि भोक कुठे, हे काय वास घेऊन ओळखायचं? आणि आपल्याकडे मीटरभर बर्फ म्हणजे नुसती सुरुवात. अडीच मीटर होतो. तू स्वतः माडीच्या खिडकीतून शाळेला गेलेली आहेस.

नगरपालिकेत गेलो. खिडकी तीनने पाचकडे धाडलं, पाचने वर बांधकाम खात्यात कातागिरीकडे. तो म्हणतो, “कुवाबारा-सान, टोकियोच्या इंजिनिअरनी हिशोब केलाय.” मी म्हटलं, “त्या इंजिनिअरचं शेंबडं नाक मी पुसलंय.” तो हसला, चहा पाजला आणि मला दारापर्यंत सोडायला आला. तीनदा गेलो, तीनदा चहा.

तर आता तूच सांग.

यासाबुरो काका


टोकियो, १९ नोव्हेंबर

ती. काकांस,

इकडे रस्त्याकडेची झाडं पिवळी झालीत आणि सकाळी हात गार पडतात. झाल्या दोन ओळी.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग जरा वाईट वाटलं. मी तुमच्या गावचा बर्फ विसरले, असं खरंच वाटतं तुम्हाला? आपल्याकडचा ओला, जड बर्फच धरलाय मी. एक सेंटीमीटर थर म्हणजे चौरस मीटरमागे तीन किलो. मीटरभर थराचे तीनशे किलो. पण या छपरात लाकूड शंभरात चाळीस भाग, साठ भाग मोकळी हवा. फटीतला बर्फ खाली जाणार. म्हणजे उरले एकशेवीस. मी सावधगिरी म्हणून दोनशे धरले. कमी नाही, जास्तच धरलेत.

अडीच मीटर सोडून एकच मीटर का, तर कायद्यातच तशी सूट आहे. ज्या गावात छपरावरचा बर्फ उतरवायची प्रथा आहे, तिथे एक मीटरवर हिशोब करता येतो. फक्त तशी पाटी लावावी लागते. सुगेहिरात प्रथा आहे असं नगरपालिकेने लेखी दिलंय. त्या सवलतीमुळेच खांब इतके बारीक ठेवता आले. नाहीतर तिथे हत्तीचे पाय उभे करावे लागले असते, आणि उन्हाच्या रेघा तुम्ही बघितल्याच नसत्या.

एक विचारू? रागावू नका. काम बाहेरच्या सुतारांना गेलं, म्हणून तर नाही ना हे? तुमचा हात लागला असता तर मलाही आवडलं असतं. पण ते माझ्या हातात नव्हतं.

काका, माझ्या स्वतःच्या नावावरचं हे पहिलं काम आहे. अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या नावाखाली आकडे मांडले. कृपा करून पालिकेत जाऊन ‘माझी पुतणी, माझी पुतणी’ करू नका. निइमुरा साहेबांच्या कानावर गेलं तर ऑफिसात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

तब्येत सांभाळा. गुडघ्याचं औषध घेताय ना?

मिचिरु


सुगेहिरा, १ डिसेंबर

मिचिरु,

गुडघ्याचं सोड. सुतारकाम बाहेर गेलं म्हणून मी पोटात दुखून लिहितोय, असं तुला वाटलं? चाळीस वर्षं रंधा मारला. आता कोणी फुकट दिलं तरी नको मला काम. हे तू लिहायला नको होतंस. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

आता बर्फाचं ऐक. ‘फटीतला बर्फ खाली जाणार.’ कोणी सांगितलं तुला? बर्फाने?

मी काय केलं ते सांगतो. मीटर बाय मीटरच्या दोन चौकटी ठोकल्या. एकीवर सलग फळ्या. दुसरीवर तुझ्या मापाच्या पट्ट्या आणि तुझ्या मापाच्या फटी. तांदळाची पोती तोलायचे दोन जुने काटे सोसायटीच्या गोदामातून उचलून आणले आणि अंगणात मांडले. शेजारी विचारतात, “काय यासाबुरो, दुकान टाकतोस की काय?”

अठ्ठावीस तारखेला पहिला मोठा बर्फ पडला. सकाळपासून मी पडवीत बसून. पहिला तासभर तुझ्या म्हणण्यासारखं झालं, फटीतून भुरुभुरु खाली गेला. मग प्रत्येक पट्टीच्या डोक्यावर टोपी चढायला लागली. टोपी कडेने फुगली. शेजारच्या पट्टीची टोपीही फुगली. दुपारी जेवून येतो तर टोप्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि खाली फटीतून आभाळाचा ठिपका दिसेना. त्यानंतर एक कण खाली आला नाही.

संध्याकाळी वजन केलं. चौकटींचं वजन वजा करून सलग फळ्यांवर एकेचाळीस किलो. तुझ्या भोकांवर अडतीस. तुझ्या हिशोबाने सोळा-सतरा यायला हवेत. मी तीनदा तोललं, टोळीतल्या हाचिरोला बोलावून त्याच्याकडून तोलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, बर्फ जरा पाझरला, रात्री गोठला. आज तो पट्ट्यांना असा धरून बसलाय की फावड्याने निघत नाही. सलग फळ्यांवरचा एका ढकलीत गेला. तुझ्या पट्ट्यांवरचा गेला नाही, कारण खाली फटीत त्याचे बर्फाचे दात उतरलेत.

आणि ती प्रथा-बिथा! घराच्या छपरावरचा बर्फ उतरवायची प्रथा आहे. भोकांच्या छपरावर चढायची प्रथा या खोऱ्यात कोणाच्या आज्याच्या काळीही नव्हती. पालिकेला हे लिहून कोणी दिलं, तो मला एकदा भेटू दे.

काका


टोकियो, १० डिसेंबर

ती. काकांस,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी घरी गेलेच नाही, ऑफिसातच बसून सगळं पुन्हा मांडलं. आधी तुमच्यावर चिडून मांडलं, तुम्ही चुकलात हे सिद्ध करायला. मग चिडणं बंद झालं.

फटी नाहीतच असं धरलं, तर मीटरभर बर्फाचे तीनशे किलो होतात. मी दोनशेवर बांधलंय. तीनशेला मधल्या तुळया वाकतील, पण बहुतेक टिकतील. चारशेच्या पुढे काय होईल, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. चारशे म्हणजे सव्वा मीटरहून जरासंच जास्त. तुमच्याकडे तो जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात होईल.

मी निइमुरा साहेबांकडे गेले. म्हणाले, “काट्यावरचे आकडे? कोणी घेतले? कुठल्या प्रयोगशाळेत?” मी म्हटलं, “पडवीत.” ते म्हणाले, “पाटीवर लिहिलंय ना, मीटरला उतरवा म्हणून? मंडळ उतरवेल. प्रश्न मिटला.” मी म्हटलं, त्यावर उभं राहता येत नाही. ते म्हणाले, “ते त्यांनी प्रथा आहे असं लिहून देताना सांगायचं होतं.”

काका, तो लिहून देणारा तुम्हाला भेटायला हवा होता ना? मी फाईल काढून बघितली. सोबत कागदाची प्रत जोडतेय. ‘आमच्या वॉर्डात छपरावरील बर्फ उतरवण्याची प्रथा अखंड चालू आहे.’ खाली तारीख एप्रिलची. शिक्का तुमचा आहे.

चार आठवडे तुम्ही मला झापताय. का नाही सांगितलंत?

मिचिरु


टोकियो, १९ डिसेंबर

ती. काकांस,

नऊ दिवस झाले. फोन वाजतो, तुम्ही उचलत नाही. हाचिरो काकांना फोन केला तर म्हणाले, “आहे की, जेवतो-खातो, फक्त बोलत नाही.” शिक्क्यावरून मी टाकून बोलले असेन तर माफ करा. पण बर्फ थांबणार नाही. बाजार अजून भरतो का तिथे? तेवढं तरी कळवा.

मिचिरु


सुगेहिरा, २२ डिसेंबर

मिचिरु,

भरतो. रोज सकाळी सहाला तोमिए आणि तिच्या बरोबरच्या अकरा विक्रेत्या बायका त्या छपराखाली मुळे, लोणची आणि तांदळाच्या मोची मांडून बसतात. वर आज पंच्याहत्तर सेंटीमीटर आहे. मी रोज जाऊन मोजतो आणि त्यांना उठा म्हणतो. तोमिए म्हणते, “यासाबुरो, वर्षअखेरीचा बाजार सोडून आम्ही काय तुझ्या पडवीत बसू?” सगळ्या खिदळतात. कातागिरीकडे गेलो तर तो तोच कागद पुढे करतो. “प्रथा आहे ना? मग उतरवा. सव्वीसपर्यंत मीटर होईल, टोळी लावा.”

कागद माझाच आहे. विसरलो नव्हतो. तुला लिहिलं तेव्हा पक्कं आठवत होतं.

एप्रिलमध्ये कातागिरी घरी आला होता. मी अंगणात बसून लोणच्याचं पिंप धूत होतो. त्याने विचारलं, “तुमच्याकडे बर्फ उतरवायची प्रथा आहे ना?” मला हसू आलं. भात खायची प्रथा आहे का, असं विचारल्यासारखं. ओल्या हाताने शिक्का उमटवला. कुठलं छप्पर, कशाला, काही विचारलं नाही. मला वाटलं, गावाची फुशारकी मारायला कुठेतरी छापणार असतील.

इथवर लिहून थांबायचा विचार होता. पण तू माफी मागितलीस, ती माझ्या घशाखाली उतरत नाही.

टोळी नाहीये, मिचिरु.

चार हिवाळे झाले. कोइचि गेला, दोघे मुलांकडे सेंदाईला गेले, एकाला दिसत नाही. हाचिरोच्या छातीत यंत्र बसवलंय. आणि माझा गुडघा. तुला औषध औषध म्हणतो ते गुडघेदुखीचं नाही, शस्त्रक्रियेनंतरचं आहे. तेव्हा तुला कळवलं की गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेलोय. चार वर्षांत मी एकाही छपरावर चढलेलो नाही. माझ्या स्वतःच्या छपरावरचा बहुतेक आपसूक घसरतो. लोकांच्या छपरांचं कोण काय करतं, मी बघत नाही. बर्फाच्या दिवसांत दुपारी जेवतो आणि पांघरूण डोक्यावर घेऊन पडतो, म्हणजे बघावं लागत नाही. ‘अखंड चालू आहे’ यावर शिक्का मारला तेव्हा ते धादांत खोटं होतं. नाही म्हणायला जीभ रेटली नाही. छत्तीस वर्षं म्होरक्या होतो गं मी.

तुझ्यावर ओरडत होतो तो ओरडा कोणावर होता, ते आता तुला कळलं असेल.

काका


टोकियो, २४ डिसेंबर, जलद टपालाने

ती. काकांस,

आधी कामाचं. कोणीही वर चढायचं नाही. तुम्ही नाही, हाचिरो काका नाही, पालिकेची माणसंही नाहीत. खालून बांबूने ढोसायचंही नाही. सोबत नकाशा आहे. मधल्या चारही तुळयांखाली टेकू द्यायचे, प्रत्येकीला तीन. लाकूड वीतभर जाडीचं, खाली फळी, वर पाचर. हे तुम्हाला शिकवायला नको. टेकू दिलेत तरी बायकांना खाली बसू देऊ नका.

माझं सांगते. काल मी पालिकेला लेखी कळवलं. निइमुरा साहेबांनी मसुदा दिला होता : ‘अतिरिक्त दक्षता घ्यावी.’ मी ते खोडून लिहिलं : ‘हिशोब चुकला आहे. फटींची वजावट चुकीची आहे, आणि या छपरावर माणूस उभा राहू शकत नसल्याने एक मीटरची सूट लागू होत नाही. चूक माझी.’ खाली शिक्का मारला. साहेब म्हणाले, “कुवाबारा, या चार ओळींनी तू अकरा वर्षं धुऊन टाकलीस.” टाकली असतील. मला दोन दिवस रडू येतंय आणि भूकही लागतेय, दोन्ही.

पण कातागिरींचा आज फोन आला. म्हणाले, नुसत्या तुमच्या पत्रावर बाजार बंद करता येत नाही, मंडळाचा प्रथेचा कागद उभाच आहे. तो मंडळाने मागे घेतला तरच. तोही सभेत, सगळ्यांसमोर.

काका, मला ठाऊक आहे मी काय मागतेय. मी छपराचे आकडे मांडताना माणूस वर कुठे उभा राहील, हे एकदाही डोळ्यासमोर आणलं नाही. तुम्ही शिक्का मारताना छप्पर कुठलं, हे विचारलं नाहीत. माझ्या वाटणीचं मी लिहून दिलंय.

मिचिरु


सुगेहिरा, ९ जानेवारी

मिचिरु,

काल दुपारी दोन तुळया मोडल्या. केवढा आवाज झाला, मला वाटलं डोंगरावरून कडा सुटला. टेकूंवर बसल्या, जमिनीवर आल्या नाहीत. खाली कोणी नव्हतं. बाजार अठ्ठावीसपासून शाळेच्या व्यायामशाळेत भरतोय. वर दीड मीटर होता. कातागिरी धावत आला, बघितलं, आणि तिथेच बर्फात मटकन बसला. त्याला मी चहा पाजला.

हे आधी लिहिलं म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. आता सभेचं.

सत्तावीसला मंडळाच्या खोलीत पस्तीस माणसं. कातागिरी कागद घेऊन बसलेला. मी उभा राहिलो. म्हटलं, “मी एप्रिलमध्ये खोटं लिहून दिलं. आपल्याकडे बर्फ उतरवायची प्रथा राहिलेली नाही. चार वर्षं टोळी नाही, मी कोणाचं छप्पर केलेलं नाही. कागद मागे घेतो. तुम्ही सगळे समजत होता की यासाबुरो आहे, तर तो नाही.”

मला वाटलं, आता ऐकवतील. ऐकवायलाच हवं होतं.

तोमिए म्हणाली, “बस खाली. आम्हाला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“सगळं. शस्त्रक्रिया झाली तेसुद्धा. गरम पाण्याच्या झऱ्यावरून माणूस कुबड्या घेऊन येतो होय रे?”

लोक हसले. मी म्हटलं, “मग छपरं कोण करत होतं?”

तर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी तीच बोलली. “आम्ही. तू दुपारी जेवून पडलास की चढायचो आणि तू उठायच्या आत उतरायचो. बाराजणी आहोत. माझं झालं की हिचं, हिचं झालं की तिचं. दोन वेळा तुझंही केलं, तू वर्षअखेरीला दवाखान्यात होतास तेव्हा.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तुला वाईट वाटलं असतं.”

कातागिरी बिचारा पेन हातात धरून. “मग मी लिहू काय? प्रथा आहे की नाही?”

तोमिए म्हणाली, “आहे लिही. बायका करतात लिही. आणि भोकांवर चढत नाहीत, तेही लिही.” त्याने तसंच लिहिलं, अक्षरशः. खाली बाराजणींनी शिक्के मारले.

सगळे हसत घरी गेले. मला हसू आलं नाही. मला एवढंच विचारायचं होतं, ते जाता जाता विचारलं. “तोमिए, दोर कोणाचा वापरलात?”

ती बूट घालत होती. म्हणाली, “दोर कुठला? टोळीचे दोर तुझ्या घरात. मागायला आलो असतो तर तुला कळलं असतं ना.”

चार हिवाळे, मिचिरु. साठी-सत्तरीच्या बायका, गोठलेल्या उतारावर, कमरेला काही न बांधता. माझा मान राखायला. खाली मी पांघरूण घेऊन पडलेला. बाजाराच्या छपराखाली बसू नका म्हणून मी रोज त्यांच्यावर खेकसत होतो, आणि त्या रोज माझं ऐकून घेत होत्या. एक जरी घसरली असती! रस्त्यात टपालपेटीला धरून मी रडलो. लाज वाटली नाही. वाटायची ती सगळी संपली होती.

आज सकाळी सगळे दोर काढले, एकेक ताणून बघितला. दोन कुजले होते ते फेकले, उरलेले घेऊन तोमिएकडे गेलो. ती छपरावरच होती. एक दोर वर फेकला. तिच्या कमरेला कशी गाठ मारायची ते खालून ओरडून सांगितलं, तिने दोनदा चुकीची मारली, मी दोनदा शिव्या दिल्या. मग दोराचं दुसरं टोक आढ्यावरून पलीकडे घेऊन घराच्या मागच्या अंगाला उभा राहिलो, ती घसरलीच तर तोलून धरायला. तिथून ती दिसत नाही, फक्त फावड्याचा आवाज येतो आणि दोर कधी ताणतो, कधी सैल पडतो. तीन तास लागले. तिने मधे एकदा विचारलं, आहेस ना? मी म्हटलं, आहे.

काका